अकरावीचे विषय : दोन वर्षांची आखणी

दहावीचा निकाल लागला की बाजारपेठेतील घराघरांत पेढे वाटले जातात आणि त्याच आठवड्यात एक मोठा निर्णय अगदी बोलता बोलता उरकला जातो. कॉमर्स घ्यायचे हे बहुधा आधीच ठरलेले असते. उरतो तो विषयांचा रकाना. तो शेजारच्या मुलाने जसा भरला तसाच भरला जातो. दुकानासाठी नवा गाळा घ्यायचा असेल तर व्यापारी माणूस जागेचा उतारा तपासतो, आजूबाजूची वर्दळ पाहतो, दोन वेळा वकिलाकडे जाऊन येतो. ज्यांच्यावर मुलाची पुढची दहा वर्षे उभी राहायची, ते सहा विषय मात्र पाच मिनिटांत ठरतात.

असेच एक घर. जिल्ह्याच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांची धान्याची आडत. घरात आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडे. नातू गेल्या वर्षी बारावी झालेला, नात यंदा दहावी झालेली. हे घर कोणाचे, हे सांगण्याची गरज नाही. कोणत्याही गावच्या पेठेत ते सापडेल.

नातीला दहावीला गणितात ८६ गुण मिळाले. निकालानंतर चौथ्या दिवशी शहरातील एका क्लासचे गृहस्थ छापील पत्रक घेऊन घरी आले. त्यांची योजना आटोपशीर होती. महाविद्यालयात प्रवेश नावापुरता, हजेरीची काळजी नाही, सकाळी बोर्डाचा अभ्यास, संध्याकाळी सी.ए. फाउंडेशनची बॅच, रविवारी व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षांची तयारी. विषयांबाबत त्यांचे मत ठाम होते. गणित नको, त्याऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे ज्याला मुले एस.पी. म्हणतात तो विषय घ्यावा. दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घ्यावे. दोन्ही ‘स्कोअरिंग’ विषय, टक्के नक्की वाढतात.

वडिलांना ते पटले. “मुलीला गणित घेऊन कुठे जायचंय? बी.कॉम. होईल, जमलं तर सी.ए. करेल. उगाच डोक्याला ताण कशाला?” असे ते म्हणाले. मुलगी काही बोलली नाही. तिने फक्त भावाकडे पाहिले.

त्या पाहण्याला कारण होते. तीन वर्षांपूर्वी हाच सल्ला भावाला मिळाला होता आणि त्याने तो मानलाही होता. बारावीला त्याला ९१ टक्के मिळाले, घरी पुन्हा पेढे आले. त्याला दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला जावयाचे होते. त्या अभ्यासक्रमासाठी बारावीला गणित असावे लागते आणि सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपरही द्यावा लागतो, हे त्याला माहितीपत्रक उघडल्यावर कळले. ९१ टक्क्यांचा तेथे काही उपयोग नव्हता. मग त्याने शहरात बी.कॉम.ला प्रवेश घेतला आणि जानेवारीत सी.ए. फाउंडेशनची परीक्षा दिली. लेखाशास्त्रात ५८, व्यावसायिक कायद्यात ५२, अर्थशास्त्रात ६१. तिसरा पेपर होता व्यावसायिक गणित, तर्कशक्ती आणि संख्याशास्त्राचा. त्यात ३३. बेरीज २०४, म्हणजे ४०० पैकी ५१ टक्के. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ५० टक्के लागतात, ते होते. परंतु प्रत्येक पेपरात किमान ४० लागतात, ते नव्हते. एका पेपराने बाकीचे तिन्ही पेपर पाण्यात घातले.

वडिलांना हा निकाल ठाऊक होता. त्याचा संबंध तीन वर्षांपूर्वीच्या त्या रकान्याशी आहे, हे मात्र त्यांच्या मनात कधी आले नव्हते.

येथे थोडे थांबून विषयांची रचना पाहणे आवश्यक आहे. राज्य मंडळाच्या वाणिज्य शाखेत इंग्रजी सक्तीचे असते. दुसरा विषय भाषेचा किंवा तिच्या जागी माहिती तंत्रज्ञान. त्यानंतर अर्थशास्त्र, पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन व व्यवस्थापन हे तीन. सहाव्या जागेसाठी बहुतेक ठिकाणी दोन पर्याय समोर येतात, गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती. सगळा प्रश्न या सहाव्या जागेचा आणि काही अंशी दुसऱ्या जागेचा असतो.

वाणिज्य शाखेचे गणित म्हणजे विज्ञान शाखेचे गणित, असा अनेक पालकांचा समज असतो. तो पूर्णपणे खरा नाही. बारावीच्या या गणिताच्या पहिल्या भागात आव्यूह, विकलन, संकलन अशी प्रकरणे आहेत, ती मेहनत मागतात. दुसऱ्या भागात मात्र कमिशन, दलाली आणि सूट, विमा आणि वार्षिकी, निर्देशांक, कालश्रेणी, रेषीय प्रायोजन ही प्रकरणे येतात. ज्या घरात आडतीचा आणि दलालीचा हिशोब रोज रात्री होतो, त्या घरातील मुलाला यातील निम्म्या संज्ञा कानावरून गेलेल्या असतात. ठरावीक मुदतीच्या हप्त्यांचे आजचे मूल्य काढणे हे तर प्रत्येक कर्जदाराला आणि प्रत्येक ठेवीदाराला उपयोगी पडणारे ज्ञान आहे.

एस.पी. हा विषय टाकाऊ आहे, असेही कोणी समजू नये. कंपनीचे भांडवल कोठून उभे राहते, भाग आणि कर्जरोखे कसे काढले जातात, लाभांश कसा दिला जातो, डिपॉझिटरी व्यवस्था कशी चालते, हे त्यात शिकविले जाते. कंपनी सेक्रेटरी होऊ इच्छिणाऱ्या मुलाला त्याचा पाया मिळतो. ज्या मुलाला दहावीपर्यंत गणिताने खरोखर छळले आहे, त्याने तो विषय जरूर घ्यावा. त्यात कमीपणा नाही. प्रश्न इतकाच आहे, की ज्याला गणित येते त्याने केवळ चार टक्क्यांसाठी ते सोडावे काय?

कारण टक्के एकदाच उपयोगी पडतात, विषय मात्र पुढे पुन्हा पुन्हा विचारला जातो. सी.ए. फाउंडेशनच्या ४०० गुणांपैकी १०० गुणांच्या पेपराचा कणा गणित आणि संख्याशास्त्र हाच आहे, आणि त्यात चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. इंदूर येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेने २०११ साली बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या प्रवेश परीक्षेला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो, पण प्रश्नपत्रिकेचा मोठा भाग गणिती असतो. विमा क्षेत्रातील ॲक्च्युअरी या व्यवसायाची प्रवेश परीक्षाही गणित आणि संख्याशास्त्रावर आधारलेली आहे. या तिन्ही ठिकाणी ‘बारावीला गणित हवेच’ अशी अट सर्वत्र नाही. तरीही दार उघडे असणे आणि त्या दारातून आत जाता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नातवाचा तिसरा पेपर याची साक्ष देतो.

दुसऱ्या जागेबद्दलही असेच म्हणता येईल. माहिती तंत्रज्ञानाने गुण मिळतात आणि ज्ञानही मिळते, यात शंका नाही. परंतु भाषा सोडताना काय सुटते, याचाही विचार व्हावा. पुढे व्यवहारात पत्र, करार, तक्रार, अर्ज यांचे मसुदे करावेच लागतात. मराठी, हिंदी, संस्कृत यांच्याप्रमाणे अर्धमागधीही राज्य मंडळाच्या भाषाविषयांच्या यादीत आहे, ही गोष्ट आपल्या समाजातील कितीतरी घरांना ठाऊक नसते. ती शिकविणारी महाविद्यालये थोडी आहेत, पण जेथे सोय आहे तेथे आगमांची भाषा शिकण्याची संधी बारावीच्या गुणपत्रिकेतच मिळते.

आता त्या घराकडे वळू. क्लासचे गृहस्थ गेल्यावर आजोबांनी नातवाला जवळ बोलावले.

“तुझा तिसरा पेपर का गेला, ते नीट सांग,” ते म्हणाले.

“आजोबा, क्रमपर्याय आणि संभाव्यता मी पहिल्यांदाच पाहत होतो. दोन वर्षं गणिताला हातच लावला नव्हता. बाकीची मुलं अकरावीत हे करून आली होती.”

आजोबा नातीकडे वळले. “आणि तुला काय हवंय?”

“मला अजून ठरवता येत नाही,” ती म्हणाली. “म्हणूनच काही बंद करून टाकायचं नाही.”

पंधरा वर्षांच्या मुलीचे हे उत्तर सगळ्या समुपदेशकांच्या पत्रकांपेक्षा शहाणपणाचे होते. या वयात मुलांना आपला व्यवसाय माहीत असावा, ही अपेक्षाच चुकीची. जे माहीत नाही ते ठरविण्याची घाई न करता, जे दरवाजे अकारण बंद होतील तेवढे उघडे ठेवावेत. विषयांची निवड या एका कसोटीवर लावली तरी निम्मा गोंधळ मिटतो.

वडिलांची शंका तरीही उरली होती आणि ती चुकीची नव्हती. गणित घेतले, सी.ए.ची तयारी ठेवली, प्रवेश परीक्षाही दिल्या, तर मुलीच्या जिवाला विसावा कोठे? आजोबांनी जुन्या डायरीचे कोरे पान काढले आणि आठवड्याचे तास मांडले. एकूण १६८. झोपेचे रोज आठ याप्रमाणे ५६. आंघोळ, जेवण, घरातील कामे रोज तीन, म्हणजे २१. उरले ९१.

मग क्लासची योजना मांडली. सकाळचे सहा तास, सहा दिवस, ३६. संध्याकाळची अडीच तासांची बॅच, सहा दिवस, १५. रविवारचे ५. जाण्यायेण्याचे ९. बेरीज ६५. शिल्लक २६. त्यातून स्वतःच्या अभ्यासाला रोज तीन तास धरले तर २१ जातात. खेळ, मैत्रिणी, नातेवाईक, मंदिर, अवांतर वाचन या सगळ्यांसाठी आठवड्याला राहतात पाच तास.

“यात चोविहार कधी करायचा?” आजीने विचारले. संध्याकाळची बॅच सहाला सुरू होऊन साडेआठला सुटणार होती. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण होते, त्या घरातील मुलीने एक तर नेम मोडायचा किंवा उपाशी राहायचे. पत्रकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

दुसरा हिशोब असा झाला. घराजवळच्या, गणिताची तुकडी असलेल्या महाविद्यालयात रोज पाच तास, ३०. जाण्यायेण्याचे ६. गणिताची शिकवणी आठवड्यातून चार दिवस, दुपारी दीड तास, ६. बेरीज ४२. शिल्लक ४९. स्वतःच्या अभ्यासाचे २१ वजा केले तरी २८ तास हाती राहतात. वडिलांनी दोन्ही आकडे पुन्हा एकदा तपासले. व्यापाऱ्याला शब्दांपेक्षा शिल्लक लवकर पटते.

तरीही मुलीला गणित झेपेल की नाही, हा प्रश्न आकड्यांनी सुटणारा नव्हता. त्यासाठी भावाने साधा उपाय सुचविला. वाणिज्य शाखेचे अकरावीचे गणिताचे पुस्तक आणून तिने आठ दिवस रोज एक तास ते वाचावे. सोपे प्रकरण एक आणि अवघड प्रकरण एक. तिने श्रेढी हे प्रकरण दोन दिवसांत संपविले. सीमा या प्रकरणात ती अडली, चिडली, दोनदा पुस्तक मिटून ठेवले, आणि सहाव्या दिवशी सात उदाहरणे सोडवून वडिलांसमोर वही ठेवली. “पप्पा, मी गणित घेते,” एवढेच म्हणाली. वडिलांनी वही उघडून पाहिली. त्यातील काही त्यांना कळले असेल असे नाही, पण त्यांनी मान डोलावली.

हा आठ दिवसांचा प्रयोग कोणत्याही घराला करता येण्याजोगा आहे. त्याला खर्च नाही. मुलाला विषय आवडतो की फक्त मित्र घेतात म्हणून हवा आहे, हे त्यातून समजते. आठ दिवसांत मुलाने पुस्तक उघडलेच नाही, तर तेही एक उत्तरच आहे आणि ते निमूटपणे स्वीकारावे.

प्रवेशाच्या वेळी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत आणि अर्जात दहापर्यंत महाविद्यालयांचे पसंतीक्रम देता येतात. जैन समाजाला जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यामुळे समाजाच्या अल्पसंख्याक संस्थांच्या महाविद्यालयांत राखीव कोट्यातील जागांसाठी आपल्या मुलांना अर्ज करता येतो. पण कोटा महाविद्यालयात नेतो, विषयापर्यंत नेतोच असे नाही. प्रत्येक ठिकाणी वाणिज्य शाखेत गणिताची तुकडी असतेच असे नाही, आणि असली तरी जागा मर्यादित असतात. पसंतीक्रम भरण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयात जाऊन हा एक प्रश्न विचारून यावा. नामांकित महाविद्यालयातील नको त्या विषयापेक्षा साध्या महाविद्यालयातील हवा तो विषय बरा.

विषय ठरले की दोन वर्षांची आखणी करावी. अकरावी हे विश्रांतीचे वर्ष, हा समज सर्वांत महाग पडतो. बारावीच्या गुणपत्रिकेत अकरावीचे गुण येत नाहीत हे खरे, पण अकरावीत सीमा समजली नाही तर बारावीचे विकलन समजत नाही, आणि अकरावीत नोंदीचे नियम पक्के झाले नाहीत तर बारावीला भागीदाराचा प्रवेश, निवृत्ती आणि संस्थेचे विसर्जन यांच्या खात्यांत मूल गटांगळ्या खाते. परदेशी जाण्याचा विचार असेल तर अकरावीला आणखी महत्त्व येते. अमेरिकेतील विद्यापीठे नववी ते बारावी या चारही वर्षांची गुणपत्रिका मागवितात. तेथे केवळ गुण किती हे पाहत नाहीत, उपलब्ध विषयांपैकी विद्यार्थ्याने किती कसाचे विषय निवडले हेही पाहतात.

बारावीत प्रश्न येतो परीक्षांच्या गर्दीचा. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये संपते आणि मे महिन्याच्या सुमारास सीयूईटी, इंदूरची प्रवेश परीक्षा, सी.ए. फाउंडेशन या सगळ्या एकमेकींच्या अंगावर येतात. सगळ्या देऊ पाहणारे मूल बहुधा एकीलाही पुरेसे उरत नाही. २०२४ पासून सी.ए. फाउंडेशन वर्षातून तीनदा होते. तेव्हा उन्हाळ्यात पदवीच्या प्रवेश परीक्षा द्याव्यात आणि फाउंडेशन सप्टेंबरवर ठेवावी, हा पर्याय आता खुला आहे. चार महिने उशीर म्हणजे मागे पडणे नव्हे. शिवाय सीयूईटीतील विषयांचे प्रश्न एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर आधारलेले असतात. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याने ती पुस्तके बारावीच्या दिवाळीच्या सुटीपासून तरी चाळावीत, एप्रिलची वाट पाहू नये.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ‘मुलीला गणित कशाला’ हे वाक्य आपल्या घरांत प्रेमापोटी उच्चारले जाते, तिला त्रास होऊ नये म्हणून. परंतु त्याचा परिणाम प्रेमाचा होत नाही. ज्या मुलीला ८६ गुण मिळाले, तिची पात्रता गुणपत्रिकेवर लिहिलेली आहे. तिला विषय नाकारण्याचे कारण गुणपत्रिकेत नसेल, तर ते आपल्या मनात आहे आणि ते आपणच तपासून पाहावे. मुलाच्या वेळी चुकलेला निर्णय मुलीच्या वेळी सुधारता आला, तर त्या चुकीची थोडी तरी भरपाई होते.

त्या घरातील नातीचे महाविद्यालय आता सुरू झाले आहे. रात्री जेवणाच्या टेबलावरच दोघे भावंडे अभ्यासाला बसतात. नातू सप्टेंबरसाठी क्रमपर्यायाची तीच उदाहरणे करतो आहे, जी अजून काही महिन्यांनी बहिणीला अकरावीत लागणार आहेत. तो अडला की ती तिचे पुस्तक पुढे सरकविते. दुकान वाढवून आलेले वडील तेथेच रोजमेळ जुळवीत बसतात. क्लासचे पत्रक अजून कपाटात आहे. त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर आजोबांनी नातीचे नवे वेळापत्रक लिहून ठेवले आहे, आणि त्यात रविवारची दुपार मोकळी आहे.